निराधारचा पगार बंद पडलाय? आधी तो नक्की कुठे अडकलाय ते शोधा

आमच्याकडे संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळच्या पैशाला अनुदान वगैरे कुणी म्हणत नाही, सगळे पगारच म्हणतात, "तुझा पगार आला का गं" असंच एकमेकींना विचारतात, म्हणून मीपण पगारच लिहितेय. सरकार विधवा, निराधार, म्हाताऱ्या माणसांना देतं ते महिन्याचे १५०० रुपये. ज्यांच्या घरात दुसरं काही येत नाही तिथे ह्यातूनच बीपीच्या गोळ्या, चहा साखर, गॅस, सगळं. आणि हाच पगार एक दिवस न सांगता बंद पडतो. पत्र नाही, फोन नाही, काही नाही. म्हातारं माणूस दोन महिने वाट बघतं, "येईल की, सरकारचं काम आहे" म्हणतं, तिसऱ्या महिन्यात बँकेत जातं, तिथून तहसीलला, तहसीलमधून परत बँकेत, आणि सहाव्या महिन्यात सोडून देतं. मला सगळ्यात जास्त वाईट ह्या सोडून देण्याचं वाटतं, कारण मी आतापर्यंत नात्यातल्या आणि गल्लीतल्या जेवढ्या लोकांच्या मागे फिरलेय त्यातल्या बहुतेकांचे पैसे खरं तर गेलेच नव्हते, कुठेतरी अडकून पडले होते.

म्हणून हे लिहितेय. ज्यांच्या घरात असं कुणी आहे त्यांनी नीट वाचा, मोबाईल तुम्हालाच हाताळावा लागणार आहे, त्यांना नाही जमत.

"बंद झालं" म्हणजे नक्की काय झालं

लोक सगळ्यालाच "बंद झालं" म्हणतात पण ह्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात. एक, अर्ज अजून मंजूरच झालेला नाही, म्हणजे पगार कधी चालूच नव्हता, सेतूवाल्याने पावती दिली म्हणून आपल्याला वाटतं झालं काम. दोन, मंजूर आहे, यादीत नाव आहे, पण पैसे मध्येच कुठेतरी अडकलेत, म्हणजे आधार, बँक, हयातीचा दाखला, असलं काहीतरी. तीन, नाव खरंच कमी केलंय, अपात्र ठरवलंय. तिन्हीची औषधं वेगळी आहेत आणि टेबलंपण वेगळी आहेत. अडकलेल्या पैशासाठी कुणी नवीन अर्ज भरायला लावला तर भरू नका, त्यात सहा महिने जातात आणि जुन्या महिन्यांचे पैसे मागायला तोंड राहत नाही. आणि नाव कमी झालेलं असताना बँकेत खेटे घालून काहीच होणार नाही, बँकेच्या हातातच ते नसतं.

माझ्या मोठ्या मावशीचं सांगते म्हणजे लक्षात येईल. मावशी विधवा आहे, संजय गांधीमधून पगार चालू होता, गेल्या वर्षी मध्येच थांबला. तिने एकटीने चार चकरा मारल्या. एका ऑफिसात "बँकेत विचारा", बँकेत "आमच्याकडे काही आलं नाही, तिकडेच विचारा". मी पुण्याहून गेले तेव्हा तिने माझ्यासमोर प्लास्टिकची पिशवी उलटी केली, त्यात पासबुक, आधारची लॅमिनेशन केलेली प्रत, मंजुरीचा घडी घालून घालून फाटलेला कागद, आणि एक दुसरंच कार्ड, त्याच्यावर मागे क्यूआर छापलेला. म्हटलं हे काय गं मावशी. तर म्हणाली, "ते व्हय, ते समाजमंदिरात शिबिर होतं, सगळ्या बायांनी काढलं म्हणून मी पण अंगठा दिला." म्हणजे शिबिरात नवीन खातं उघडलं होतं, तिला खातं म्हणून माहीतसुद्धा नव्हतं, आणि ते उघडताना आधारचं मॅपिंग, म्हणजे आधार नंबरावर येणारे सरकारी पैसे कोणत्या बँकेत जायचे ती नोंद, जुन्या बँकेतून निघून ह्या नव्या खात्यावर गेलं होतं. आम्ही ते खातं तपासलं तर पाच महिन्यांचे ७,५०० रुपये तिथे शांतपणे पडून होते. पगार एक दिवससुद्धा बंद नव्हता. आणि मावशी चार महिने गोळ्या अर्ध्या करून खात होती.

त्यामुळे मी आता कुणीही आलं की पहिला प्रश्न हाच विचारते, गेल्या वर्ष दीड वर्षात कुठे अंगठा दिला होता का.

पहिलं काम: पासबुक आणि मॅपिंग

पासबुक भरून घ्या, मशीन बंद असेल तर काउंटरवर स्टेटमेंट मागा, मागच्या वर्षभराचं. शेवटचा पगार कोणत्या तारखेला आला आणि किती आला ते बघा. रक्कम बघायची कारण अशी की दारिद्र्यरेषेच्या यादीतले जे लोक इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेत आहेत त्यांचा पगार दोन खिशांतून येतो, ८० वर्षांच्या आतल्यांना केंद्राचे २०० आणि राज्याचे १३०० मिळून १५००, ८० च्या पुढे केंद्राचे ५०० होतात. हे दोन्ही एकाच दिवशी येतील असं नाही. १३०० आलेत आणि २०० नाहीत तर पगार बंद नाही, केंद्राचा हप्ता मागे आहे एवढंच.

आता मॅपिंग. पूर्वी तहसीलमधून नावांची यादी आणि रक्कम बँकेत जायची, बऱ्याच ठिकाणी जिल्हा मध्यवर्ती बँकेत, आणि तिथून खात्यात टाकायचे. डिसेंबर २०२४ पासून हा पगार डीबीटीने यायला लागला, म्हणजे तुमचा खाते नंबर कोणता दिलाय हे नाही बघत, तुमच्या आधार नंबरला शेवटी कोणती बँक जोडलीय तिथे पैसे जातात. हे एक वाक्य घरातल्या सगळ्यांना समजावून सांगा, फार उपयोगी आहे. आणि बँकेत "आधार लिंक आहे" असं सांगतात त्याचा अर्थ डीबीटीला मॅप आहे असा होत नाही. केवायसीला आधार दिलं म्हणजे लिंक, आणि एनपीसीआय, म्हणजे बँकांमधले पैसे इकडून तिकडे पाठवणारी संस्था, तिच्या मॅपरवर बँकेचं नाव चढलं म्हणजे सीडिंग, दोन वेगळ्या गोष्टी. काउंटरवर जाऊन "लिंक आहे का" विचारू नका, "एनपीसीआय मॅपिंग कोणत्या बँकेत आहे आणि ॲक्टिव्ह आहे का" असं विचारा, हा प्रश्न ऐकला की ते सिस्टिममध्ये बघूनच उत्तर देतात.

घरी बघायचं असेल तर यूआयडीएआयच्या वेबसाइटवर माय आधारमध्ये आधार नंबर टाकून ओटीपीने आत जा, तिथे बँक सीडिंग स्टेटस म्हणून आहे, बँकेचं नाव, ॲक्टिव्ह की इनॅक्टिव्ह, कधी जोडलं ती तारीख, सगळं दिसतं. ओटीपीसाठी आधारला मोबाईल नंबर लागतो, आणि म्हाताऱ्या माणसांच्या आधारला बहुतेक वेळा कुठल्यातरी भाच्याचा नाहीतर बंद पडलेला नंबर असतो. मग आधी आधार केंद्रात जाऊन नंबर बदलून घ्या, स्वतःचा किंवा जो खरंच त्यांच्यासोबत राहतो त्याचा.

बँक चुकीची निघाली तर दोन पर्याय. एक तर त्याच खात्यातून पैसे काढत राहा, काही हरकत नाही, पण ते खातं चालवायला सोपं आहे का, जवळ आहे का ते बघा. नाहीतर ज्या बँकेत पाहिजे तिथे आधार सीडिंगचा संमती फॉर्म भरून द्या, माणूस स्वतः जायला लागतं, फॉर्मवर शिक्का मारलेली पोच घ्या, आणि आठवड्याभराने परत स्टेटस तपासा. पोस्टाच्या पेमेंट्स बँकेचं खातं बऱ्याच म्हाताऱ्यांना बरं पडतं कारण पोस्टमन दारात येऊन अंगठ्यावर पैसे देऊ शकतो.

बँकेतच अडकायची आणखी दोन तीन कारणं असतात. केवायसी जुनी झाली म्हणून खातं गोठवलंय, मग आधार, पॅन नसेल तर फॉर्म ६०, फोटो देऊन केवायसी करून घ्या, खातं परत चालू करायला पैसे लागत नाहीत. किंवा जोडखातं आहे आणि आधार दुसऱ्याचं चढलंय, तर स्वतःच्या एकटीच्या नावाचं खातं काढा, विषय संपला. तिसरं जरा जास्त चीड आणणारं आहे, पैसे आलेत पण बँकेने नवऱ्याच्या किंवा मुलाच्या थकलेल्या पीककर्जापोटी खात्यावर होल्ड लावलाय. असं असेल तर भांडत बसू नका, शाखाधिकाऱ्याच्या नावाने अर्ज लिहा की ह्या खात्यात सामाजिक सहाय्याचं अनुदान येतं, होल्ड काढा, काढत नसाल तर कोणत्या आदेशाने लावला ते लेखी द्या, आणि एक प्रत तहसीलदारांना, एक जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकांना. ३० दिवसांत बँकेने उत्तर दिलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, फुकट आहे, १४४४८ वर फोन केला तर कशी करायची ते सांगतात. नुसतं अर्जात लोकपाल शब्द आला तरी बऱ्याच शाखांमध्ये काम हलतं असा माझा अनुभव आहे.

दुसरं काम: तहसील

बँक ठीक असेल तरच तहसीलला जा. शनिवार रविवार सुट्टी असते, आणि निवडणूक किंवा अतिवृष्टीचे पंचनामे चालू असतील तर टेबलावर माणूस सापडणं अवघड, म्हणून आधी कुणाकडून तरी चौकशी करून जा, म्हाताऱ्या माणसाला एसटीने फुकट फिरवू नका. तिथे संजय गांधी शाखा असते, बोर्डावर संगांयो असं लिहिलेलं असतं. आत जाऊन "पगार का बंद आहे" असा मोघम प्रश्न विचारलात तर "वरूनच आले नाहीत" हे उत्तर मिळणार. त्यापेक्षा आधार नंबर, मंजुरी आदेशाची प्रत समोर ठेवा आणि तीनच गोष्टी विचारा. माझं नाव चालू यादीत आहे का आणि कोणत्या योजनेखाली. पगार ज्या सरकारी पोर्टलवरून जातो त्या पोर्टलवर माझं आधार पडताळलेलं आहे का. आणि शेवटचं पेमेंट कोणत्या महिन्याचं गेलं, सक्सेस आहे की फेल, फेल असेल तर शेरा काय आहे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्क्रीनवर असतं. ते वहीत लिहून घ्या, जमलं तर विनंती करून तो शेरा कागदावर मागा.

तिथे बसलेली माणसं वाईट असतात असं मी नाही म्हणणार, एका टेबलावर हजारो लाभार्थी असतात आणि माणूस एक, फार तर दोन. पण म्हणूनच तुमचा प्रश्न नेमका पाहिजे.

इथे नेहमी सापडणाऱ्या अडचणी म्हणजे आधारवरचं नाव आणि मंजुरीतलं नाव वेगळं, एकात माहेरचं, एकात सासरचं, एकात नुसतं "बाई" जास्त. हे राजपत्र वगैरे न करता आधार अपडेट करून किंवा तहसीलला अर्ज देऊन सुटतं, पोर्टलवरचं नाव आधारप्रमाणे करून द्या असा अर्ज करा. दुसरी अडचण वयाची. ६५ वर्षं पूर्ण झाली की संजय गांधीतून नाव श्रावणबाळमध्ये जायला पाहिजे, आणि ह्या बदलाच्या वेळी माणूस मधल्या मध्ये राहतो, इकडून कमी झाला आणि तिकडे चढला नाही. आपल्या म्हाताऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी आहे, कारण खरी तारीख कुणालाच माहीत नव्हती, फक्त अंदाजे वर्ष सांगितलं होतं. म्हणून ज्या वर्षी आधारप्रमाणे ६५ होतात त्या जानेवारी फेब्रुवारीत पगार थांबला तर पहिला संशय ह्याचा घ्या. आणि जन्मतारीख बदलायला उगाच धावू नका, आधारवर ती एकदाच बदलता येते, चुकीची बदलली तर आयुष्यभराचा त्रास.

अपंगत्वावर पगार असेल तर प्रमाणपत्राची मुदत बघा. किमान ४० टक्के अपंगत्व लागतं, आणि काही प्रमाणपत्रं तात्पुरती असतात, दोन तीन वर्षांची, ती संपली की पगार थांबतो, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगाचं ओळखपत्र, नवीन करून घेऊन त्याची प्रत द्यावी लागते. दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून १५०० च्या ऐवजी २५०० मंजूर झालेत. कुणाला अजून १५०० च येत असतील तर पोर्टलवर त्यांची नोंद दिव्यांग म्हणून आहे का ते विचारा, कारण एखादी दिव्यांग बाई विधवा म्हणून मंजूर झालेली असते आणि मग वाढ तिला लागतच नाही.

हयातीचा दाखला आणि न उमटणारा अंगठा

दरवर्षी जानेवारी ते मार्च ह्या काळात आपण जिवंत आहोत हे दाखवावं लागतं. ऐकायला कसंतरी वाटतं पण नियम आहे आणि गेलेल्या माणसांच्या नावाने पैसे उचलले जातात म्हणून तो आहे. हे काम राहिलं की एप्रिलनंतर पगार थांबतो. तर संक्रांत झाली की लगेच करून टाका, मार्चची वाट बघू नका, मार्चमध्ये बँकांची वेगळीच गडबड असते. आपल्या तालुक्यात हे कुठे घेतात, बँकेत, तहसीलला की गावात तलाठी येतात, ते डिसेंबरमध्येच विचारून ठेवा. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, अर्जात तसं लिहिलं तर बरं.

अंगठ्याचा प्रश्न फार मोठा आहे. मावशीचे अंगठे मी जवळून बघितलेत, आयुष्यभर भांगलण केली, शेणाने सारवलं, भाकरीच्या तव्यावर हात भाजले, बोटावर रेषाच नाहीत, काचेसारखी गुळगुळीत. मशीनवर ठेवलं की लाल दिवा. मग मशीनवाला म्हणतो "आजी, उद्या या, तेल लावून या". तेलाबिलाने काही होत नाही. सगळी बोटं करून बघायची, फक्त अंगठा नाही, मावशीचं उजव्या हाताचं मधलं बोट लागलं. हात कोमट पाण्याने धुऊन नीट पुसून मग ठेवा. नाहीच झालं तर डोळ्याने किंवा चेहऱ्याने पडताळणी करा म्हणा, मोबाईलवर चेहरा दाखवूनही आता आधार पडताळणी होते. आणि आधार केंद्रात जाऊन बायोमेट्रिक नव्याने द्या, जुने ठसे दहा दहा वर्षांपूर्वीचे असतात.

हे सगळं करूनही जुळलं नाही तर ऐकून परत यायचं नाही. २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात सुप्रीम कोर्टाने हक्काच्या योजनांना आधार मागायला परवानगी दिली हे खरं, पण ठसा जुळला नाही एवढ्यावरून कुणाचा लाभ नाकारू नये, दुसऱ्या मार्गाने ओळख पटवावी, हेही त्यात आलंय. तेव्हा अर्ज द्या, "माझे बोटांचे ठसे वयामुळे जुळत नाहीत, माझी ओळख इतर कागदपत्रांवरून व प्रत्यक्ष पाहून पटवून हयातीची नोंद घ्यावी ही विनंती." अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर घरी येऊन पडताळणी करावी असाही अर्ज तहसीलदारांच्या नावाने देता येतो, सोबत डॉक्टरची चिठ्ठी जोडा.

नाव खरंच कमी केलं असेल तर

मग मात्र कंबर कसायला लागते. कारण विचारलं तर तोंडी काहीही सांगतात, मुलगा कमावतो, जमीन आहे, उत्पन्न जास्त आहे, गावात राहत नाही, चौकशीत आढळून आला नाही, आणि कधी कधी तर मयत. जिवंत माणसाला मयत दाखवलेलं मी स्वतः बघितलंय, नावसाधर्म्यामुळे झालं होतं, त्या आजोबांना आम्ही थेट टेबलासमोर उभं केलं तेव्हा सुटलं.

तोंडी उत्तर घेऊन घरी यायचं नाही. चालू असलेला लाभ काढून घेण्याआधी माणसाला कारण कळवलं पाहिजे आणि त्याचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे, हे कायद्याचं साधं तत्त्व आहे, नैसर्गिक न्याय म्हणतात त्याला. म्हणून अर्ज असा करा की माझा लाभ कोणत्या आदेशाने, कोणत्या तारखेला, कोणत्या कारणाने बंद केला त्या आदेशाची प्रत द्या आणि मला म्हणणं मांडायची संधी द्या. अर्ज टपाल शाखेत, म्हणजे आवक जावकला द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. शाखेतल्या माणसाच्या हातात दिलेला अर्ज म्हणजे न दिल्यासारखाच, त्याची बदली झाली की सापडत नाही.

उत्पन्नाचं कारण असेल तर ह्यावर मला मनापासून काही बोलायचंय. ह्या योजनेची उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० रुपये आहे, दिव्यांगांना ५०,०००. २१,००० म्हणजे महिन्याला १७५०. पगारच वर्षाचा १८,००० होतो. २०२५-२६ मध्ये राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती, म्हणजे एखादी विधवा बाई वर्षातून ६८ दिवस रोजगार हमीच्या खड्ड्यावर गेली की तिचं उत्पन्न मर्यादेच्या वर. ही मर्यादा बदलली पाहिजे, ह्याबद्दल माझ्या मनात काही शंका नाही, आणि जिथे बोलता येईल तिथे मी हे बोलते. पण ती बदलेपर्यंत तुमच्या कागदावर चुकीचा आकडा येऊ देऊ नका. उत्पन्नाचा दाखला काढताना तलाठ्याकडे चौकशीत वेगळं राहणाऱ्या, रेशन कार्ड वेगळं असलेल्या मुलाची कमाई आईच्या नावावर धरली जाते, तेव्हा रेशन कार्ड खरंच वेगळं असेल तर ते आधी दाखवा. खोटं मात्र काही लिहू नका, पुढे वसुली निघाली तर म्हातारपणी तोंड लपवायची वेळ येते.

अर्जाला महिनाभरात उत्तर नाही आलं तर माहिती अधिकार. घाबरू नका, एक पानाचं काम आहे. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावायचं, दारिद्र्यरेषेखालच्यांना ते पण लागत नाही, फक्त दाखल्याची प्रत जोडायची. जन माहिती अधिकारी, तहसील कार्यालय ह्या नावाने आणि मजकूर साधारण असा:

"मी संजय गांधी निराधार अनुदान योजनेची लाभार्थी असून माझा मंजुरी आदेश क्रमांक व दिनांक खालीलप्रमाणे आहे. माझ्या नावे (महिना, वर्ष) पासून आजपर्यंत वितरित झालेल्या अनुदानाचा महिनावार तपशील, प्रत्येक व्यवहाराची स्थिती व अयशस्वी असल्यास कारण, तसेच लाभ बंद केला असल्यास त्या आदेशाची व त्यामागील चौकशी अहवालाची साक्षांकित प्रत मिळावी."

बस एवढंच. "का बंद केला", "कोण जबाबदार" असले प्रश्न लिहू नका, माहिती अधिकारात कागद मागायचे असतात, जाब विचारायचा नसतो, नाहीतर अर्ज निकाली काढायला त्यांना सोपं जातं. ३० दिवसांत उत्तर यायला पाहिजे, नाही आलं तर त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, २० रुपयांचं स्टॅम्प, पुढच्या ३० दिवसांच्या आत. मी लावलेल्या अर्जांपैकी निम्म्यांत तर उत्तर यायच्या आधीच पगार चालू झाला, कारण फाइल उघडली की चूक त्यांनाच दिसते.

सोबत आपले सरकार पोर्टलवर तक्रार टाका, टोकन नंबर जपून ठेवा. आणि लोकशाही दिन विसरू नका, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात असतो आणि तिसऱ्या सोमवारी तहसीलला, अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो, म्हणून आधी तालुक्याच्या लोकशाही दिनात मांडा आणि तिथे नाही सुटलं तर जिल्ह्याच्या. आदेशच चुकीचा वाटत असेल तर उपविभागीय अधिकारी आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी दाद मागा, मागे घेतलेल्या सगळ्या पोच जोडून.

नवीन अर्ज भरताय तर

थोडक्यात सांगते. अर्ज सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून जातो, १५ वर्षं महाराष्ट्रात राहिल्याचा पुरावा, वयाचा, उत्पन्नाचा, विधवा असेल तर नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, आधार, पासबुक. मग तालुक्याची समिती बसते, तहसीलदार तिचे सदस्य सचिव असतात. समितीची बैठक कधी झाली आणि पुढची कधी आहे हे विचारत राहा, कारण बैठकच झाली नाही तर अर्ज नुसता पडून राहतो. नामंजूर झाला तर कारण लेखी घ्या, बऱ्याचदा एक कागद कमी एवढंच असतं. मंजूर झाला की मंजुरी आदेशाची प्रत हातात घेतल्याशिवाय निघू नका, पुढची सगळी लढाई त्या नंबरावर असते. नवरा ५९ वर्षांच्या आत गेला असेल आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखालचं असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २०,००० मिळतात, हे बऱ्याच बायांना कुणी सांगतच नाही, त्याच टेबलावर विचारा.

लाडकी बहीणबद्दल, कारण सगळ्या तेच विचारतात

निराधारचे १५०० चालू असतील तर लाडकी बहीणचे मिळत नाहीत. २०२५ च्या सुरुवातीला ज्या पाच लाख बायकांना अपात्र ठरवलं त्यातल्या २ लाख ३० हजार ह्याच कारणाने होत्या, आणि १ लाख १० हजार वय ६५ च्या वर म्हणून. पुढे जून २०२५ मध्ये २६ लाख ३४ हजार जणांचा लाभ थांबवला, आणि तेव्हा शब्द होता तात्पुरता स्थगित, म्हणजे पडताळणीत पात्र ठरलं की परत चालू. हा फरक लक्षात ठेवा, स्थगित असेल तर पात्रतेचे कागद घेऊन महिला व बालविकासच्या कार्यालयात जायचं, अंगणवाडी ताईंकडून कळतं कुठे ते, आणि १८१ वर तक्रार नोंदवायची. अपात्र असेल तर कारण लेखी मागायचं. आणि ६५ पूर्ण होऊन लाडकी बहीण थांबली आणि उत्पन्न मर्यादेत बसत असेल तर श्रावणबाळचा अर्ज लगेच टाका, दोन्हीच्या मध्ये वर्ष जाऊ देऊ नका.

पैसे मागणाऱ्यांबद्दल

"दोन हजार द्या, पगार चालू करून देतो" असं म्हणणारा कुणीतरी प्रत्येक तहसीलच्या बाहेर चहाच्या टपरीवर भेटतो. मंजुरीला फी नाही. सेतू केंद्राची फी ठरलेली असते, पावती मिळते, पावती नाही तर पैसे नाहीत. म्हाताऱ्या माणसांना घट्ट सांगून ठेवा की पैसे काढताना एकदाच अंगठा द्यायचा, "लागला नाही, परत ठेवा" म्हणाला तर आधी स्लिप माग म्हणा, कारण दोनदा पैसे काढून एकदाच हातात दिल्याच्या गोष्टी खूप ऐकल्यात. आणि ज्या दिवशी पगार काढायचा नाही त्या दिवशी आधारच्या ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करून ठेवता येतं, घरात कुणाला जमत असेल तर जरूर करा.

चालू झाल्यावर मागच्या महिन्यांचं विसरू नका. अडकलेला पगार असेल तर फेल झालेले महिने कधी परत टाकणार हे त्याच वेळी अर्जात लिहा, महिन्यांची नावं घालून. आणि घरातलं माणूस गेलं तर मृत्यू दाखल्याची प्रत तहसीलला आणि बँकेला लगेच द्या, खात्यात नंतर आलेला पगार काढू नका, तो परत द्यावा लागतो.

मावशीची पिशवी मी नवीन करून दिलीय, चेनवाली. आत मंजुरी आदेश, त्याच्या तीन झेरॉक्स, पासबुक, पोच लावलेले अर्ज तारखेप्रमाणे, आणि वर एक पुठ्ठा, त्यावर मोठ्या अक्षरात तिला वाचता येईल असं लिहिलंय: पगार पोस्टाच्या खात्यात येतो, उजव्या हाताचं मधलं बोट, जानेवारीत दाखला, मला विचारल्याशिवाय कुठेही अंगठा द्यायचा नाही. खाली माझा नंबर.